शिवनागे

“थांब तिथंच! हलू नको!” आई ओरडली आणि दोन्ही चपला हातात घेऊन पळत सुटली.

भुसावळच्या रेल्वे मैदानावर अजून पुरतं उजाडलं नव्हतं. डिसेंबरची थंडी होती, गवत दवानं ओलं झालं होतं. मी मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, गोलपोस्टपाशी उभी होते आणि माझ्याभोवती तीन कुत्री गुरगुरत होती. पळावं तर गुडघा ऑपरेशनचा. उभं राहावं तर ती आणखी जवळ सरकत होती. इतक्यात आई पोचलीच. साडी वर खोचलेली, पदर दातात धरलेला, शाल मागं कुठंतरी पडलेली. तिनं एक चप्पल भिरकावली ती नेमकी पुढच्या कुत्र्याच्या बरगडीत बसली. तिन्ही कुत्री शेपूट घालून रुळांकडं पळाली.

“चावलं का कुठी?”

“नाही.”

“मग उभी काहून? पळ ना. फेरी अर्धीच झाली तुझी.”

मी पुन्हा सावकाश पळायला लागले. मला वाटलं, ही आता चप्पल शोधेल, शाल उचलेल आणि पुन्हा पॅव्हेलियनच्या पायरीवर जाऊन बसेल. रोज तशीच बसायची. पण थोडं पुढं गेले तर मागून अनवाणी पायांचा थप थप आवाज येऊ लागला. वळून बघितलं तर आई. चेहरा लालबुंद, अंबाडा सुटून पाठीवर आलेला.

“आई, हे काय करतेस?”

“काय करू राह्यली म्हन्जे? पळू राह्यली. बसून बसून थंडी वाजते नुसती.”

ही सत्त्याण्णवच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि जूडो खेळत होते. वाघुळदे सर रेल्वेत गार्ड होते. ड्यूटी नसेल तेव्हा ते एका जुन्या हॉलमध्ये जूडो शिकवायचे. काथ्याच्या गाद्या, त्यावर ताणलेलं कॅनव्हास, आणि भिंतीला पंखा एकच. तिथं मुलं पुष्कळ होती, मुली म्हणजे मी एकटीच. तरी मी विद्यापीठात पहिली आले होते. सर म्हणायचे, राज्याच्या संघात गेलीस की रेल्वेची नोकरी लांब नाही. बाबा लोको शेडमध्ये फिटर होते. त्यांना जूडोतलं काही कळत नव्हतं, पण रेल्वेची नोकरी म्हणजे काय ते पक्कं कळत होतं.

आणि जुलैत नाशिकच्या सामन्यात माझ्या उजव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. जळगावला ऑपरेशन झालं. पाय महिनोन्‌महिने पट्ट्यात. दिवाळी होईपर्यंत मी पलंगावर बसून एवढी फुगले, की माझा जूडोचा पट्टा कमरेला दोन वेढे घेईनासा झाला. काठी सुटली तशी मी लंगडत हॉलवर गेले. सरांनी मला दारातच थांबवलं.

“हेमलता, ही पायरी आत्ता चढायची नाही,” ते म्हणाले. “मॅटवर अर्धवट तयारीनं येणारा माणूस पुन्हा हॉस्पिटलातच जातो. आधी शरीर कमव. पळ, बैठका मार, वजन उतरव. मांडी लोखंडासारखी झाली पाहिजे. निवड मे महिन्यात आहे. मार्चअखेर मी स्वतः तुला हाताला धरून आत घेईन.”

म्हणून ते पहाटेचं पळणं. मैदानावर एकटी मुलगी कशी सोडायची, म्हणून आई सोबत. तिचं काम फक्त बसून राहायचं.

कुत्र्यांच्या त्या दिवसानंतर ती बसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं बाबांचे कॅनव्हासचे बूट घातले, पुढं कापूस कोंबून. आठवड्यानं माझा जुना सलवार-कमीज काढला. शेजारच्या खाचणेकाकूंनी गॅलरीतून विचारलं, “सिंधूताई, पोलिसात भरती होऊ राह्यल्या का?” आई म्हणाली, “घेतील तर होते ना!” आणि हसत पुढं गेली. माझी आई रस्त्यात हसताना मी त्याआधी बघितली नव्हती.

तेव्हा ती चाळिशीच्या थोडी पुढं होती. ती मूळची सावद्याकडची, केळीच्या मुलखातली. चौघी बहिणी, भाऊ नाही. त्यामुळं लग्न होईपर्यंत बापाच्या मळ्यात केळीचे घड खांद्यावर घेऊन बांधापर्यंत वाहायचं काम तिनं केलं होतं. हे मला तेव्हा कळलं, पळता पळता. घरात ती असलं काही बोलत नसे. घरात तिच्या तोंडी भाकरी, पाणी, डबा आणि इस्त्री एवढंच असायचं. मैदानावर मात्र तिला कायकाय आठवायचं. तापीच्या डोहात कोण कशी उडी मारायची, कोणाची पाठ सगळ्यात भक्कम, कोण दोन घड एकदम उचलायची.

“कोण?”

“मीच. आनि कोन?”

संक्रांत झाली आणि पळणं अंगवळणी पडलं. पण मला एक भीती धरून राहिली होती, ती पडण्याची. जूडोत पडणं आधी शिकवतात. पाठ गोल करायची, हनुवटी छातीला लावायची, हात जमिनीवर सपकन आपटायचा, की मार विखरून जातो. हे मला झोपेतही येत होतं. पण नाशिकनंतर कोणी नुसता कॉलरला हात घातला तरी माझं अंग लाकडासारखं व्हायचं. सर म्हणाले होते, ही भीती घरीच टाकून ये. पण घरी मला पाडणार कोण?

“मी पाडते,” आई म्हणाली. “सांग कसं पाडाचं ते.”

क्वार्टरच्या मागं छोटं अंगण होतं. तिथं आम्ही कापसाच्या दोन गाद्या शेजारीशेजारी टाकल्या. आधी तिला पडायला शिकवलं, कारण मलाही कोणाला तरी पाडायला हवं होतं. पहिले काही दिवस ती पडताना “अगं माय” म्हणायची. मग ते गेलं आणि नुसता हाताचा सणसणीत आवाज यायला लागला. मग मी तिला फेक शिकवली. मला सगळ्यात चांगली येणारी, खांद्यावरून घ्यायची. तिचं जपानी नाव सेओइ-नागे.

“शिवनागे?”

“सेओइ-नागे.”

“शिवनागेच म्हन ना सरळ. महादेवाचं नाव वाटते.”

मी तिला समजावलं. कॉलर आणि बाही धरायची, वळायचं, गुडघे वाकवून समोरच्याच्या पोटाखाली शिरायचं, आणि त्याला खांद्यावर घेऊन पुढं टाकायचं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “हा तर केळीचा घडच झाला. घड कंबरेनं नाई उचलत, मांडीनं उचलतात.” आणि तिनं मला उचललं. मी हवेत गेले, आभाळ दिसलं, आणि पाठ गादीला लागली. इतकं हलकं, इतकं सरळ, की मला भ्यायला वेळच मिळाला नाही.

“लागलं का?” ती वाकून विचारत होती.

“पुन्हा कर,” मी म्हणाले.

मग रोज पहाटे आमच्या अंगणात धप धप सुरू. बाबा रात्रपाळीहून यायचे ते दारात उभे राहून बघायचे. एकदा म्हणाले, “या वयात हातपाय मोडून बसली तर भाकरी कोन टाकीन?”

“तुम्ही,” आई म्हणाली आणि मला पुन्हा उचललं.

बाबा चिडले नाहीत. हसून आत गेले. त्या हिवाळ्यात आमच्या घरात सगळेच जरा जास्त हसत होते. आई दोन भाकरी खायची ती तीन खायला लागली. तिची कायमची डोकेदुखी कुठं गेली कळलं नाही. दळणाचा डबा ती आता डोक्यावर न घेता काखेत मारून आणायची. माझं वजन उतरत होतं आणि तिचा खांदा रुंद होत होता. आरशात मी माझीच मांडी बघायचे, एवढंच. तिच्याकडं बघायचं मला सुचलं नाही. ते सुचलं वाघुळदे सरांना.

फेब्रुवारीच्या शेवटी ते माझा गुडघा बघायला घरी आले. आईनं साडी नेसून चहा आणला. सर म्हणाले, “पडायची प्रॅक्टिस काय करतेस ते दाखव. कोण पाडतं तुला?”

मी आईकडं बोट केलं. आई ट्रे घेऊन आत पळायला निघाली. बाबाच म्हणाले, “आता लाजू नको. दाखव त्याईले.”

तिनं पदर खोचला, माझी कॉलर धरली आणि मला फेकलं. सरांनी चहाची कपबशी तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली. मग खाली बसून बुटांचे बंद सोडले, मोजे काढले, आणि आमच्या त्या दोन मळक्या गाद्यांसमोर उभं राहून, हॉलमध्ये मॅटवर जाताना वाकतात तसे ते वाकले.

“वहिनी, मला टाका,” ते म्हणाले.

“अव नाई! तुमाले कसा हात लावू?”

“मला भाऊ समजा. टाका.”

आईनं बाबांकडं बघितलं. बाबांनी मान डोलावली. सर उंचेपुरे, आईपेक्षा वीतभर वर. तिनं त्यांच्या शर्टाची कॉलर धरली, वळली, खाली गेली, आणि सर तिच्या खांद्यावरून पलीकडं गेले. पडता पडता त्यांनी हात आपटला तो आवाज आमच्या आवाजांपेक्षा वेगळा होता. उठून त्यांनी पुन्हा वाकून नमस्कार केला, आणि थेट बाबांशी बोलले.

“भंगाळे, मी वीस वर्षं शिकवतोय. मला मुलींची बॅच काढायची आहे. पण आया मुलींना पाठवत नाहीत. म्हणतात, तिथं सगळे पुरुष, मुलीला हात कोण लावणार? त्यांचं काय चुकलं? मला एक बाई पाहिजे. पोरींना पाडणारी, सांभाळणारी. वहिनींना येऊ द्या.”

“मले?” आई म्हणाली. “मी चौथी शिकली फक्त.”

“पडायला पुस्तक लागत नाही.”

“पन मले याच्यातलं कायच नाई येत. एक शिवनागे येते.”

“बाकीचं मी शिकवीन. तुम्ही फक्त हो म्हणा.”

बाबा थोडा वेळ मिशीवरून बोट फिरवत राहिले. “तिले विचारा,” म्हणाले. आमच्या घरात कुठल्याही गोष्टीला बाबांनी असं म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

आई हो म्हणाली नाही. ती कपबशा घेऊन आत गेली. पण चार दिवसांनी मी कॉलेजातून आले तर ती मशीनवर बसलेली. मांजरपाट दुहेरी करून ती माझ्या जूडोच्या कोटाच्या मापानं कोट शिवत होती. कॉलरीला आतून जाड पट्टी घालून तिनं इतक्या टिपा मारल्या होत्या की ती नुसती उभी ठेवली तरी राहील.

“नवीन माणसाले पट्टा पांढरा असते ना?” मान वर न करता तिनं विचारलं.

“हो.”

“बरं आहे. डाग पडला की दिसते तरी. धुता येते.”

ठरलं असं, की एक एप्रिलला मी हॉलवर परत जायचं आणि आईनंही माझ्याबरोबर यायचं. सरांनी सात-आठ घरी जाऊन सांगितलं, आता आमच्याकडं बाई आहेत. खाचणेकाकूंनी त्यांची धाकटी पाठवायचं कबूल केलं. आई दिवसभर काही बोलायची नाही, पण पोळ्या लाटताना तिचा उजवा पाय आपोआप वळण घेताना मी बघितलाय.

मार्चच्या शेवटच्या दिवसात तिनं पिंजाऱ्याला बोलावलं. आमच्या त्या दोन गाद्या पडून पडून भाकरीसारख्या चपट्या झाल्या होत्या. “शेवटचे दोन दिवस तरी मऊ पड,” ती म्हणाली. पिंजाऱ्यानं कापूस पिंजून गाद्या पुन्हा भरल्या. त्या फुगून अशा टम्म गोल झाल्या, की पहाटे अंगणात टाकताना आम्हा दोघींना हसू आलं.

ती एकतीस तारीख होती. आईनं पहिल्यांदाच नवा कोट घातला होता. मी तिला पट्ट्याची गाठ बांधून दिली. आम्ही पाच-सहा वेळा फेकाफेकी केली. माझं अंग मोकळं झालं होतं, भीती नावालाही उरली नव्हती. मी म्हणाले, “आता एकदा जोरात टाक. उद्या सर बघणार आहेत.”

तिनं जोरात टाकलं. तिनं आयुष्यात टाकलेली ती सगळ्यात सुंदर फेक होती. मी बरोबर पडले. पाठ गोल होती, हात वेळेवर आपटला. पण पाय जिथं टेकले तिथं दोन गाद्यांची फट होती. आधी गाद्या चपट्या होत्या तेव्हा फट जाणवत नसे. आता दोन्हीकडून गोल फुगवटा आणि मधे खड्डा. माझी उजवी टाच त्या खड्ड्यात गेली आणि अडकली. अंग वळलं, पाय वळला नाही.

आवाज मलाही ऐकू आला आणि तिलाही.

जळगावच्या डॉक्टरांनी फोटो बघितले, गुडघा हलवून बघितला. मी टेबलवर होते, बाबा शेजारी उभे. आई बाहेर बाकावर बसली होती, माझी चप्पल हातात धरून.

“हे आज ना उद्या होणारच होतं,” डॉक्टर बाबांना म्हणाले. “आधीची शिवण आतून धरलीच नव्हती. नुसत्या मांडीच्या जोरावर पोरगी पळत होती. मॅटवर पहिल्या दोन-चार दिवसांतच गेलं असतं. घरी गेलं ते एक प्रकारे बरं. आता मात्र खेळ विसरा.”

मी रडले. बाबा बाहेर गेले आणि हे सगळं, शब्दाला शब्द, आईला सांगितलं. दार उघडं होतं, मला ऐकू येत होतं.

आई म्हणाली, “डॉक्टरसाहेब मोठे दयाळू दिसतात.”

त्यानंतर तिला ते आम्ही किती परींनी सांगितलं. मी सांगितलं, बाबांनी सांगितलं, वाघुळदे सर डॉक्टरांना स्वतः भेटून आले आणि त्यांनी सांगितलं. ती मान हलवायची. “हो ना,” म्हणायची. वाद घालायची नाही. वाद घातला असता तर काही करता आलं असतं. ती माझ्यासमोर जेवणाचं ताट ठेवायची, पाय शेकायची, उशी सारखी करायची, आणि गाद्यांवरून नजर वळवून जायची. मग एके दिवशी त्या गाद्याच दिसेनाशा झाल्या. खाचणेकाकूंकडं दिल्या, म्हणाली. बाबांचे बूट तिनं धुवून, आतला कापूस काढून, परत त्यांच्या जागी ठेवले. डोकेदुखी परत आली.

सर दोनदा घरी आले. पहिल्या वेळी ती स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. दुसऱ्या वेळी आली, हात जोडून म्हणाली, “सर, लोकाच्या पोरी आहेत. माझ्या हाती नका देऊ.”

“वहिनी, पोरी येऊन बसल्यात. सगळ्या विचारतात, बाई कधी येणार?”

“दुसरी कोनी मिळीन.”

मे महिन्यात राज्याची निवड झाली. त्या दिवशी घरात कोणी तो विषय काढला नाही. मला दुःख झालं, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर वीस वर्षांच्या पोरीचं दुःख हलकं असतं, ते दुसरीकडं उडी मारतं. मी बँकेच्या परीक्षेची पुस्तकं आणली. रोज दुपारी मला दिसायचं ते आईचं, वरण ढवळत खिडकीतून अंगणाकडं बघत राहणं.

जूनच्या सुरुवातीला मी ठरवलं. मला तेव्हा कुबडीशिवाय चालता येत नव्हतं. मी म्हणाले, “आई, मला एकदा हॉल बघायचाय. खेळणार नाही, नुसता बघायचाय. रिक्षातून घेऊन चल.” ते ती टाळू शकत नव्हती. पिशवीत मी तिचा कोट घातला होता, ते तिला ठाऊक नव्हतं. निदान मला तसं वाटलं.

हॉलमध्ये सात-आठ लहान मुली मॅटच्या कडेला मांडी घालून बसल्या होत्या. त्यांच्या आया भिंतीच्या बाकावर. इंगळे नावाची एक तरुण नर्स हौसेनं शिकायला यायला लागली होती, तीही पांढऱ्या कोटात उभी. आम्ही आत आलो तसे सर थांबले आणि मुलींना म्हणाले, “उठा. बाई आल्या.” सगळ्या पोरी उठून वाकल्या.

आईनं माझ्याकडं बघितलं. मी पिशवी पुढं केली. तिनं ती घेतली. मला वाटलं, आता रागावेल, रडेल, निघून जाईल. ती आडोशाला गेली आणि कोट घालून आली. पट्ट्याची गाठ तिची तिनं बांधली होती, बरोबर बांधली होती. ती मॅटसमोर वाकली आणि वर चढली.

“इंगळे, समोर ये,” सर म्हणाले. “वहिनी, घाई नाही. नुसती पकड घ्या.”

आईनं उजवा हात पुढं करून नर्सची कॉलर धरली. डावा हात बाहीवर. उभं राहणं, पाय, सगळं जागच्या जागी. सर हळूच म्हणाले, “आता वळा.”

आई वळली नाही. ती त्या पोरीच्या तोंडाकडं बघत होती. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. बाकावरच्या आया पुढं सरकून बघत होत्या. मग आईची मूठ सैल झाली. चुरगळलेली कॉलर तिनं दोन्ही हातांनी सारखी केली, एक टोक आत गेलं होतं ते बाहेर काढलं, शाळेत पाठवताना लेकीचं करतात तसं खांद्यावरून हात फिरवला, आणि ती मॅटवरून खाली उतरली.

सर वाकले आणि ती बाहेर पडेपर्यंत तसेच उभे राहिले.

मुलींची बॅच पावसाळा संपेपर्यंत कशीबशी चालली. मग नर्सची बदली झाली, आयांनी एकेक करून पोरी काढून घेतल्या. पुढं सरही निवृत्त होऊन नागपूरला मुलाकडं गेले. मी बँकेत लागले, गुडघा थंडीत दुखतो, बाकी माझं काही अडलं नाही. आई त्यानंतर एकवीस वर्षं होती. मैदानाच्या बाजूनं आम्ही कितीदा गेलो असू, तिनं कधी आत पाऊल टाकलं नाही.

मला राहून राहून आठवतं ते त्या दिवशी हॉलवरून परत येतानाचं. रिक्षा मिळाली नाही, म्हणून आम्ही बाजारातून हळूहळू चालत निघालो. मी कुबडीवर, ती कोटाची घडी काखेत मारून. भाजीच्या ओट्यापाशी मी दम खायला थांबले, तशी तीही थांबली. समोर बघतच तिनं विचारलं,

“मले जमत होतं ना व, हेमे?”

“हो आई,” मी म्हणाले. “फार चांगलं जमत होतं.”

‘जमतं’ म्हणायला पाहिजे होतं मी. तेवढ्या एका शब्दानं ती परत मॅटवर चढली असती असं नाही. पण तिनं विचारलं होतं, आणि माझ्या तोंडून तेच गेलं जे तिच्या तोंडून आलं होतं.

तिनं मान डोलावली. मग ओट्यावरच्या बाईसमोर उकिडवी बसली आणि मेथीच्या जुड्या निवडायला लागली.